वरच्या वस्तीचं पाणी

१

पंपवालीला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे तिला मावशीच म्हणत, आणि पाणी यायला उशीर झाला की त्याच मावशीच्या नावाने बोटं मोडत. तिला त्याचं काही वाटत नसे. आधी तिच्या नवऱ्याने बावीस वर्षं पंप चालवला होता, आणि तो गेल्यापासून अकरा वर्षं ती चालवत होती. इतक्या वर्षांत माणूस बोलणी ऐकून घेतो आणि आपलं काम करतो.

काम ठरलेलं होतं. उजाडताना पंपघर उघडायचं, मोटार लावायची, उंचावरची टाकी भरून घ्यायची. पंपघराबाहेर लोखंडी झाकणाखाली चौकोनी खड्डा होता आणि त्यात ओळीने चार वॉल्व्ह. लांब दांड्याची चावी घालून ती एकेक फिरवायची. आधी गाव, पाऊण तास. मग खालची वस्ती, मग नदीकाठची वस्ती, वीस-वीस मिनिटं. चौथा वॉल्व्ह वरच्या वस्तीचा. तो सात वर्षं बंद होता. नुसता बंद नव्हता, वॉल्व्हच्या पुढे हातभरावर पाइप कापून त्याच्या दोन्ही तोंडांना लोखंडी टोप्या बसवल्या होत्या.

तिन्ही वॉल्व्ह बंद झाले की ती स्टोव्हवर चहा ठेवायची आणि दारातल्या खुर्चीत बसून प्यायची. समोर टाकी. टाकीच्या अंगावर आकडे रंगवलेली पट्टी होती आणि आतल्या पाण्याबरोबर त्या पट्टीवर एक काटा वरखाली सरकायचा. चहा पिताना तिची नजर आपसूक त्या काट्यावर असायची. बघण्यासारखं काही नसायचं. सगळं बंद म्हटल्यावर काटा कुठे जाणार?

थंडीच्या दिवसांतल्या एका सकाळी चहा संपेस्तोवर काटा दोन बोटं खाली आला.

२

ती उठली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. दोन बोटं. मनाशी म्हणाली, कुठेतरी गळतंय. दुसरं काय असणार? सगळे पाइप जुने होते, तिच्या गुडघ्यांसारखे कुरकुरणारे. दुपारी ती तिन्ही वाटांनी पायी फिरून आली. कुठे चिखल नव्हता, कुठे गवत जास्त हिरवं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. दोन बोटं, त्यापेक्षा कमी नाही की जास्त नाही. गळतीला असा हिशोबीपणा नसतो. ती रात्रंदिवस गळत राहते. हे पाणी मात्र साडेआठला जायला लागायचं आणि पाव तासात थांबायचं.

चौथ्या दिवशी ती चहा न करता खड्ड्याशी जाऊन बसली आणि एकेका पाइपावर तळहात ठेवला. पाणी वाहत असेल तर पाइप हाताला कळतो, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखा तो आतून हलत असतो. गावाचा पाइप निपचित होता. खालच्या वस्तीचा, नदीकाठचा, तेही तसेच. मग जरा थांबून, स्वतःवरच चिडल्यासारखं करत, तिने चौथ्यावर हात ठेवला.

तो गारेगार होता आणि थरथरत होता.

तिने हात काढला नाही. काढावा असं वाटलं, पण बोटं तिथेच राहिली. पाव तासाने थरथर थांबली आणि पाइपात एक बारीक ठोका आला. पलीकडच्या टोकाला कुणी नळाची चावी एका झटक्यात बंद केली की येतो, तसा. नळ असा झटक्यात बंद करणारं माणूस तिच्या माहितीत एकच होतं.

३

गावात एक फिटर होता. तिशीतला, बडबड्या, हाताचा चांगला. आपल्या लग्नापेक्षा आपल्या पान्ह्यांची जास्त काळजी घेतो, असं त्याची बायकोच सांगायची. पंपवालीने त्याला गळतीबद्दल सांगितलं. ठोक्याबद्दल नाही सांगितलं.

तो सकाळी आठ वाजता आला, पाइपांवर हात फिरवले, आणि चौथा थरथरायला लागला तेव्हा हसून म्हणाला की बाजूच्या पाइपाची धडधड इकडे येते, घाबरायचं कारण नाही. पंपवाली म्हणाली, बाजूचे तिन्ही बंद आहेत. त्याने पुन्हा हात लावून बघितलं आणि हसणं आवरलं. मग म्हणाला, उघडूनच बघू.

आधी त्याने वॉल्व्हच्या बाजूची टोपी काढली. आत गंजाचा भुगा आणि एक वाळलेलं कुंभारमाशीचं घर. पाण्याचा टिपूस नाही. काट्याकडे बघावं तर तो उतरत होता. फिटरने मग दुसरं तोंड उघडलं, वरच्या वस्तीकडे जाणाऱ्या पाइपाचं. बोट घातलं. बोट कोरडं बाहेर आलं. खड्ड्यात गुडघे टेकून तो वाकला आणि त्या तोंडाला कान लावला.

बराच वेळ तो तसाच होता. मग मान न उचलता त्याने हळूच विचारलं, “मावशी, वर कुणी राहायला आलंय का?”

“का रे?”

“बायका बोलताहेत. दोघी असाव्यात. हसल्या आत्ता.”

फिटर उठला, कान चोळला, आणि स्वतःच स्वतःला समजावत राहिला. लांब पाइप म्हणजे भोंगाच, वारा भरला की काय वाटेल ते ऐकू येतं, लहानपणी आम्ही असंच एकमेकांना फसवायचो. बोलता बोलता त्याने दोन्ही टोप्या बसवल्या, जरुरीपेक्षा जास्त आवळल्या. चहा ओतून ठेवला होता. तो न पिताच तो गेला. जाताना आपला मोठा पान्हा खड्ड्यात विसरला, ही त्याच्या बाबतीत न घडणारी गोष्ट होती.

४

वरच्या वस्तीत एकेकाळी चौदा घरं होती. तरुण माणसं कामासाठी बाहेर पडली, मग शाळा बंद झाली, मग मुलांपाठोपाठ आईबापही गेले. शेवटी एकच घर उरलं, पंपवालीच्या ताईचं.

ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई शेतावर राबायची, तेव्हा हिची वेणी ताईने घातली, पाटीवर अक्षरं ताईने गिरवून घेतली, आणि ‘चिमणी’ हे नावही ताईनेच ठेवलं. पुढे ताई वरच्या वस्तीत दिली आणि चिमणी खाली गावात. नवरे गेले तेही दोन वर्षांच्या अंतराने.

भांडण झालं ते एका कपाटावरून. आईचं आरशाचं कपाट. आई आजारपणात ताईकडे होती, कपाटही तिच्याकडेच आलं होतं. आई गेल्यावर चिमणी म्हणाली, ते मला हवं. ताई म्हणाली, आता दारातून निघायचं नाही ते, मोडावं लागेल, राहू दे इथेच. चिमणी म्हणाली, निघू नये म्हणूनच आत घातलंस. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण शब्दाने शब्द वाढला, आईचं आजारपण निघालं, कोण रात्री जागलं आणि कोण तोंड दाखवून गेलं ते निघालं. शेवटी चिमणी पाय आपटत खाली आली आणि तीन वर्षं दोघी बोलल्या नाहीत.

बोलणं बंद होतं, पाणी बंद नव्हतं. रोज सकाळी साडेआठला चिमणी त्या एका घरासाठी चौथा वॉल्व्ह उघडायची. पाव तासाने पाइपात ठोका यायचा, म्हणजे ताईचं भरून झालं. मग ही वॉल्व्ह बंद करायची. तेवढंच दोघींमध्ये उरलं होतं, आणि कुणी विचारलं असतं तर दोघींनी तेही कबूल केलं नसतं.

मग एकदा सलग आठ दिवस ठोका आला नाही. दुकानदाराने सांगितलं, ताई शहरात मुलाकडे गेली, आता तिकडेच राहणार, मुलगाच फोनवर म्हणाला. चिमणीला राग आला. जाताना सांगून जावंसंही वाटलं नाही तिला. त्याच दिवसांत पाणी खात्यातला कारकून मोटरसायकलवरून कागद घेऊन आला. वस्ती रिकामी असेल तर लाइन तोडायची होती. भला माणूस होता, म्हणाला, सही घेण्याआधी वर एक चक्कर मारून येतो.

तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, “कशाला उन्हाचा चढ चढता? वर कोणी नाही.”

त्याने सही घेतली. दुपारी पाइप कापला. तिसऱ्या दिवशी ताई परत आली.

ती परत आल्याचं खाली कुणाला कळलं नाही. बस वस्तीच्या पलीकडच्या फाट्यावर थांबते, तिथून वर यायला गावातून जावं लागत नाही. एकोणीस दिवस ताईने ओढ्यावरून पाणी वाहिलं. एकोणीस दिवसांत ती एकदाही खाली विचारायला आली नाही, आणि ही एकदाही वर बघायला गेली नाही. विसाव्या दिवशी ओढ्याच्या दगडांवर ताईचा पाय घसरला. एका मेंढपाळाला ती दोन दिवसांनी सापडली. घागर फुटली नव्हती, असं तो सगळ्यांना सांगत होता, जसं काही त्यात नवल असावं.

चिमणी त्या दिवशी रडली नाही. रडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं, आणि मग तो कधी मिळालाच नाही.

५

फिटर येऊन गेल्यावर तिने चार दिवस स्वतःला पटवण्यात घालवले. वय झालं, मनाचे खेळ असतात. पण काटा काही तिच्या मनात नव्हता, तो टाकीवर होता. पाचव्या दिवशी तिने वॉल्व्ह लवकर उरकले, राखाडी स्वेटर चढवला आणि वरची वाट धरली.

सात वर्षांत ती या वाटेला आली नव्हती. स्वच्छ ऊन पडलं होतं. घरांच्या भिंती उभ्या होत्या, छपरं बसली होती, अंगणांतून गुडघाभर गवत. पाखरंही होती, भरपूर. भीती वाटावी असं काही नव्हतं. ती धापा टाकत चालली होती आणि मनात म्हणत होती, बघायचं, नळाला हात लावायचा, आणि उतरायचं.

ताईच्या अंगणातला नळ गंजून तांबडा झाला होता. चावी फिरेना. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, चावी मोडून तिच्या हातात आली. नळाखालचा दगड मात्र ओला होता. तिने वाकून बोट लावलं. ओला होता, आणि दगडापासून दारापर्यंत थेंब पडले होते, भरलेलं भांडं कडेवर घेऊन कुणी आत गेल्यासारखे.

साडेआठ वाजून गेले होते. थेंब अजून वाळले नव्हते.

६

दार उघडंच होतं. एक फळी कधीच निखळली होती. पुढच्या खोलीत छपरातून ऊन खाली येत होतं आणि जमिनीवर कौलांचा खच होता. थेंब त्या कौलांपर्यंत दिसत होते, पुढे नाही. मधल्या खोलीत भिंतीला लागून आईचं कपाट उभं होतं. स्वयंपाकघराचं दार उजवीकडे, पण तिथे तुळई आडवी पडली होती आणि मातीचा ढीग होता. त्यातून मांजरही गेलं नसतं.

पंपवाली उंबऱ्यात उभी राहिली. आत पाऊल टाकायचं धाडस होईना. तिथून तिला कपाटाचा आरसा दिसत होता. आरसा डागाळलेला, कडेला काळा पडलेला. त्यात उजवीकडचं स्वयंपाकघर दिसत होतं.

त्यात तुळई नव्हती. जमीन झाडलेली होती. फडताळात भांडी लावलेली होती. आणि एक हात कपात चहा ओतत होता.

हात ताईचा होता, पण तिने पाहिला होता तो नव्हे. शिरा वर आल्या होत्या, बोटांची पेरं सुजली होती. हाताची मालकीण थोडी पुढे वाकली तेव्हा तिचे केस दिसले, सगळे पांढरे. ताई गेली तेव्हा तिच्या केसांत चार रुपेरी बटा होत्या फक्त. मेलेलं माणूस म्हातारं होत नाही. ही सात वर्षांनी म्हातारी झाली होती.

तिच्यासमोर, आरशाकडे पाठ करून, आणखी एक बाई बसली होती. पाठीला जरा बाक, मान एका बाजूला कललेली. अंगात हिरवा स्वेटर, ताईच्या हातचाच, पाठीवर तिची ती नेहमीची पानांची नक्षी. पंपवालीकडे हिरवा स्वेटर नव्हता. ताईने तिला विणून दिलेला शेवटचा स्वेटर तिच्या अंगात होता, राखाडी, दहा वर्षांचा जुना.

“चिमणे, गार होतोय चहा,” ताई म्हणाली.

पाठमोरी बाई काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. ते हसू पंपवालीच्या ओळखीचं होतं. स्वतःचं हसू माणूस ओळखतो, कितीही वर्षांनी ऐकलं तरी.

तिने स्वतःला सांगितलं, आरशात मीच दिसतेय. जुना आरसा, उन्हाची तिरीप, मीच. पण ती उभी होती आणि आरशातली बसली होती.

मग हिरव्या स्वेटरचं हसणं मधेच थांबलं. तिने कप खाली ठेवला. दारात कुणीतरी आल्याचं पाठीला कळावं तशी तिची मान हळूहळू ताठ झाली, आणि वळायला लागली.

“कोण आहे गं दारात?” ताईने विचारलं.

आवाजात राग नव्हता. कुणी आलं तर बरं होईल, असाच आवाज होता. पंपवालीच्या जिभेवर ‘मी’ हा शब्द आला होता. तो म्हटला असता तर काय झालं असतं, हे तिला आजही माहीत नाही. समोरची मान अर्धी वळली होती, गालाची कड दिसू लागली होती, आणि तो गाल भरलेला होता, सुखी माणसाचा. पंपवालीला त्या गालाची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच कधी वाटली नव्हती.

ती पळाली. साठीला आलेली बाई उतारावरून पोरीसारखी पळत सुटली, दोनदा पडली, आणि पंपघरात येऊन तिने आतून कडी लावली.

७

दुसऱ्या दिवशी साडेआठला ती खड्ड्याशी बसली होती. चौथा पाइप निपचित होता. काटा हलला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा वर गेली. या वेळी उंबरा ओलांडून कौलं तुडवत थेट कपाटापर्यंत गेली. आरशात तुळई होती, मातीचा ढीग होता, आणि राखाडी स्वेटरमधली एक धापा टाकणारी म्हातारी होती. तिने तिथे उभं राहून मोठ्याने सांगितलं, “ताई, मी आहे.” दोनदा सांगितलं. बाहेर पाखरं ओरडत होती. नळाखालचा दगड कोरडा होता.

त्यानंतर ती रोज जात राहिली, महिनाभर. पाणी परत सुरू झालं नाही.

शेवटी तिने ताईच्या मुलाला फोन लावला. सात वर्षांत दोघांचं धड बोलणं झालं नव्हतं. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. कारकून वर जायला निघाला होता आणि मी त्याला थांबवलं, एवढंच सांगितलं. मी बघायला गेले नाही, मला राग होता, आणि मी सही केली.

मग तो म्हणाला, “आई माझ्याकडे राहणार असं दुकानात मीच सांगितलं होतं, मावशी. तिला न विचारता. तिचं इथे मन लागेना, आमचं वाजलं, आणि मी तिला एकटीला बसमध्ये बसवून दिलं.” मग पुढे म्हणाला, “घरी पोचल्यावर तिचा फोन आला होता. नळाला पाणी नाही म्हणाली. मी म्हटलं, मावशीला सांग.”

“मग?”

“म्हणाली, चिमणीने बंद केलं असेल तर विचार करूनच केलं असेल. तिला कशाला त्रास.”

पंपवालीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. राग म्हणून ताई खाली आली नाही, असं ती सात वर्षं धरून बसली होती. त्या रागाचा तिला आधार होता. आता तोही गेला.

मग तिने त्याला आरशातलं सगळं सांगितलं. वेडी म्हणेल, फोन ठेवेल, असं तिला वाटलं होतं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. ती पळाली तेही तिने सांगितलं.

“कशी होती?” त्याने विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता.

पंपवालीने डोळे मिटले. “म्हातारी झालीय रे,” ती म्हणाली. “बोटं सुजलीत. पण छान दिसत होती.”

आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.